मदतीचा अर्ज कुठे अडतो?

ब्रिटनमधली 'सॅफा' ही संस्था १८८५ पासून सैनिकांसाठी काम करते. मदत मागायला एका दिवसाची पगारी सैन्यसेवाही पुरते, राखीव दलातली असली तरी. जोडीदार, विधवा आणि अवलंबून असलेली मुलंही पात्र ठरतात. हे अनेकांना माहीतच नसतं, याचं फार वाईट वाटतं.

प्रशिक्षित स्वयंसेवक भेटून सेवेचा पुरावा, उत्पन्न, खर्च आणि कर्ज यांची नोंद घेतो. न मागितलेले सरकारी भत्ते अनेकदा इथेच सापडतात. मग प्रकरण रेजिमेंटच्या निधीकडे, रॉयल ब्रिटिश लीजन या आजी-माजी सैनिकांच्या मदतसंस्थेकडे किंवा हवाई दलाच्या १९१९ च्या कल्याण निधीकडे जातं. व्हीलचेअर महाग असेल तर दोन-तीन निधी मिळून रक्कम उभी करतात. पैसे सहसा थेट विक्रेत्याला जातात.

म्हणूनच मंजुरीआधी खरेदी करू नका. झालेल्या खर्चाची भरपाई बहुधा मिळत नाही. सेवा क्रमांक नसेल तर जुन्या नोंदी शोधण्यात वेळ जातो. आणि कर्ज लपवू नका. हप्ते हिशेबात नसतील तर मिळालेली मदत अपुरी पडते आणि काही महिन्यांत पुन्हा तीच वेळ येते. सेवेतल्या जवानांना वरिष्ठांना कळेल अशी धास्ती असते; त्यांनी पहिल्याच भेटीत गोपनीयतेबद्दल स्पष्ट विचारावं.