पहिलीच्या बाई आणि त्यांची खंजिरी

आपल्या पहिलीच्या बाई रडणाऱ्या लेकराला कधीच "गप बस" म्हणाल्या नाहीत, माझ्या बॅचच्या सगळ्यांना हे आठवत असेल. कापसाचा वेचा सुरू झाला की आया पहाटेच वावरात जायच्या, पोट्टे अर्धवट झोपेत शाळेत, कोणी रडतंय, कोणी बाजूच्याला चिमटे काढतंय, आणि बाई सरळ खंजिरी हातात घ्यायच्या. आधी जोरात, फास्ट, म्हणजे ते पोट्टं ज्या वेगात हुंदके देतंय साधारण त्याच वेगात, आम्ही टाळ्या वाजवायचो, पाय आपटायचो, मग त्या हळूहळू लय उतरवत न्यायच्या आणि शेवटी नुसतं गुणगुणायच्या. तोवर रडणाऱ्याचा श्वास जाग्यावर आलेला असायचा.

मी आता अंगणवाडी सेविका आहे. संगीतोपचारात याला आयसो तत्त्व म्हणतात हे मला खूप उशिरा वाचायला मिळालं, माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथूनच संगीत सुरू करायचं आणि मग त्याला पुढे न्यायचं. बाईंनी हे पुस्तकात वाचलं असेल असं वाटत नाही. आपल्याकडे गावोगाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, त्यातच त्या वाढलेल्या, लय माणसाला कशी धरते ते त्यांना तिथूनच कळलं असणार.

दुसरा त्यांचा खेळ म्हणजे खंजिरी थांबली की पुतळा. लय मजा यायची, पण आता शिकवताना कळतं की चार-पाच वर्षांच्या लेकराला स्वतःला थांबवणं किती अवघड असतं. खेळात थांबायची सवय लागली की राग आला तरी उगारलेला हात कधीकधी थांबतो, हे मी माझ्या अंगणवाडीत पाहिलंय.

आणि भुलाबाई, आपल्याकडचा पोरींचा गाण्यांचा सण! भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत बाई वर्गातच गाणी घ्यायच्या, पोरांनाही म्हणायला लावायच्या. सासर, माहेर, रुसवा, आठवण सगळं त्यात आहे. गाणं झालं की विचारायच्या, "ही काहून रुसली असेल रे?" आमच्या वर्गातली एक मुलगी तोंडच उघडायची नाही, ती पहिल्यांदा बोलली ती यावर, "तिची माय आली नाही म्हणून." बाईंनी तिला जवळ घेतलं आणि तेच गाणं परत घेतलं.

जर्मनीत लायप्झिगला चार वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, 2010 मध्ये छापून आला. जी मुलं सोबत गायली, नाचली, वाजवली ती नंतर एकमेकांच्या मदतीला जास्त धावली, नुसतं सोबत खेळलेल्या मुलांपेक्षा. म्हणून मोबाईलवर बालगीत लावून दिलं की काम झालं, हे मला अजिबात पटत नाही. मोबाईल लेकराचा हुंदका ऐकून लय बदलत नाही ना! आवाज चांगला नाही म्हणून गायला लाजणाऱ्या आयांना मी हेच सांगते की तुमच्या लेकराला तुमचाच आवाज पाहिजे.

माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून शाळेला मोठा स्पीकर द्यायचं चाललंय असं ऐकलं. माझी मनापासून विनंती आहे की त्याऐवजी पहिली-दुसरीसाठी खंजिऱ्या, टाळ आणि एक ढोलकी घ्या, लेकरांच्या हाताला पेलतील अशा लहान साईजच्या. आणि ते सामान कपाटात कुलूप लावून ठेवू नका, वर्गात खालच्या फळीवर ठेवा. माझ्या वाट्याची वर्गणी मी त्यासाठीच देतेय, आणि सुरुवातीला वर्गावर येऊन वाजवायलाही तयार आहे.