मग म्हणायचं तरी काय तुम्हाला?

हा प्रश्न मला महिन्यातनं दोनचारदा तरी येतो. मी कोथरूडला एका पतसंस्थेत काउंटरला बसते, वय ४६, आणि समोरचा पंचविशीतला मुलगा "काकू, पासबुक भरून द्या ना" म्हणाला की मी शांतपणे सांगते, काकू नको रे, ताई म्हण. काही जण सॉरी म्हणतात, काही वैतागतात, आणि बरेच जण खरंच मनापासून विचारतात की काकू म्हटलं तर एवढं काय बिघडलं आणि मग म्हणायचं तरी काय तुम्हाला. तर तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

वय लपवायचंय असं अजिबात नाही. सोसायटीतली पोरं मला काकूच म्हणतात, लेकाचे मित्र म्हणतात, आणि मला ते आवडतं, कारण त्यांनी माझ्या हातचं थालीपीठ खाल्लंय, माझा ओरडा खाल्लाय, ते नातं खरं आहे. अनोळखी माणूस काकू म्हणतो तेव्हा मात्र त्याने एका नजरेत मंगळसूत्र, साडी, केसातले पांढरे असं सगळं बघून मला कुठं बसवायचं ते ठरवून टाकलेलं असतं, आणि ते ठरवलेलं मला ऐकू येतं.

पुण्यात हे फार स्पष्ट कळतं, कारण आम्ही बायका स्कूटीवर निघालो की तोंडाला स्कार्फ, वर हेल्मेट, अंगात सनकोट, म्हणजे डोळे सोडले तर काही दिसतच नाही. मागच्या एप्रिलमधे पेट्रोल भरायला थांबले होते, पंपावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, झीरो बघा." ऊन मरणाचं होतं म्हणून मी हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला, घोटभर पाणी प्यायले. ३०० चं पेट्रोल भरून झालं आणि तोच मुलगा म्हणाला, "काकू, गाडी जरा पुढे घ्या." त्याचा हेतू वाईट नव्हता, मला माहितीय. पण दोन मिनिटांपूर्वीची मॅडम कुठे गेली हे मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

आणि एक गोष्ट बघा, काकू म्हणजे काकाची बायको, वहिनी म्हणजे भावाची बायको, दोन्ही नाती नवऱ्याच्या दारातनं येतात. अनोळखी बाईला कुणी आत्या म्हटलेलं मी तरी अजून ऐकलं नाही. ताई आणि मावशी ही तिची स्वतःची नाती, तिथे नवरा मधे येत नाही. पण मावशी आपण कुणाला म्हणतो? शेजारीण काकू होते, आणि भांडी घासायला येते ती मावशी, हॉस्पिटलात बेडपॅन देते ती मावशी. माय मरो पण मावशी जगो म्हणणारी आपली भाषा, तिच्यातलं एवढं जवळचं नातं आपण कामाला लावून ठेवलंय, आणि यात मीही आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मी ९ वर्षं मावशी म्हणत होते. २०२४ मधे लाडकी बहीण योजना आली, महिना १५०० रुपये, २१ ते ६५ वयाच्या बायकांना, तर त्यांचा फॉर्म मी मोबाईलवर भरून देत होते आणि आधार कार्डवर जन्मसाल बघितलं. माझ्याहून ६ वर्षांनी लहान! मी विचारलं, तुम्हाला कधी खटकलं नाही का हो? त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा मावशी ऐकलं तेव्हा मी २४ ची होते. म्हणणारी पोरगी माझ्याच वयाची होती, कालेजात जायची." तेव्हापासून मी त्यांना नावाने, पुढे ताई लावून हाक मारते. सुरुवातीला जीभ अडखळायची, आता नाही अडखळत.

शब्द वाईट असतो असं नाहीच. सावित्रीबाईंनी १८४८ मधे भिडेवाड्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, आनंदीबाई १८८६ मधे अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या नावांमधला बाई किती मानाचा आहे. शाळेत आम्ही उभं राहून "नमस्ते बाई" म्हणायचो. तोच शब्द सिग्नलला मागनं "बाई चालवतीय वाटतं" असा येतो तेव्हा अंगाचा तिळपापड होतो.

तर मला ताई चालेल, मॅडम चालेल, आणि काउंटरवर माझ्या नावाची पाटी आहे ती वाचून आडनावापुढे ताई लावलंत तर फारच आवडेल. माझ्यापेक्षा जास्त मला आईचं वाटतं. बाबा गेल्यावर पहिली लग्नपत्रिका आली, पाकिटावर इतकी वर्षं "श्री. व सौ." असायचं तिथे "श्रीमती" होतं. आईने चष्मा लावून ते वाचलं, पाकीट उलटं करून टेबलावर ठेवलं आणि कुकर लावायला गेली. पुढे एप्रिल २०२३ मधे विधवांच्या नावामागे गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी लावायचा प्रस्ताव मंत्र्यांनी मांडला, खूप विरोध झाला, मग ती फक्त सूचना होती असं सांगण्यात आलं. टीव्हीवर ती बातमी बघताना आई म्हणाली, "नुसतं नाव लिहा ना अगं."

त्यातही तिचं हे नाव सासरचं, लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. माहेरचं नाव आता फक्त हुजूरपागा शाळेतल्या तीन मैत्रिणी घेतात. रविवारी दुपारी फोन येतो, पलीकडनं मोठ्याने ते जुनं नाव ऐकू येतं, आणि ७४ वर्षांची माझी आई "अगं बोल गं" म्हणत फोन घेऊन गॅलरीत जाते, दार ओढून घेते, तासभर येत नाही.