फेर

सोमवार, रात्री साडेदहा

आज लेकीनं गणिताचं उदाहरण दाखवायला स्वतःहून फोन माझ्या हातात दिला. उदाहरण वाचता वाचता वर एक मेसेज चमकून गेला आणि कळलं की वर्गातल्या मुलींचे दोन ग्रुप आहेत. नाव एकच, नववी ब. दुसऱ्याच्या नावापुढे एक जांभळं फुलपाखरू आहे, एवढाच काय तो फरक.

दोन कशाला, म्हणून विचारलं. आधी म्हणाली, असंच. मग मान खाली घालून म्हणाली, पहिल्यात चौदा जणी आहेत, दुसऱ्यात तेरा.

चौदावी मला माहीत आहे. आठवीत विज्ञानाच्या प्रकल्पाला आमच्याकडे यायची. पोह्यांवरचं खोबरं आधी वेचून खायची आणि जाताना ताटली स्वतः विसळून ठेवायची. तिचं चुकलं काय, तर वर्गातल्या एकीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी तीनशे-तीनशे रुपये काढून कॅफेत जायचं ठरलं आणि ही सरळ म्हणाली, मला नाही जमणार. कुणाला नावं ठेवली नाहीत, भांडली नाही. त्या रात्रीच फुलपाखराचा ग्रुप निघाला. जुन्या ग्रुपवर आता कुणी काही टाकत नाही. ती गृहपाठ विचारते, तेराही जणी वाचतात, उत्तर कुणीच देत नाही. डब्याला तिची जागा दप्तरांनी भरलेली असते.

मी विचारलं, आणि तू?

"आई, तो ग्रुप मी नाही बनवला. मी फक्त त्यात आहे."

तिनं जेवून घेतलं, झोपलीही. मी मात्र ओट्यापाशी तशीच उभी राहिले. मी फक्त त्यात आहे. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.

मंगळवार

शाळेतून आले तशी बसलेय. हे आज लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही.

१९९४. मीही नववीत. मुलींची शाळा, निळा स्कर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. आमच्या वर्गात सहा जणींचा ग्रुप होता आणि त्यातली एक सगळं ठरवायची. कुठल्या रंगाचे क्लिप लावायचे, वहीला कुठलं कव्हर, मधल्या सुट्टीत कुणाच्या डब्यातलं काय वाटून घ्यायचं. ती दुष्ट होती असं मी आजही म्हणणार नाही. हुशार होती, हसवायची, आजारी पडलं तर वह्या पूर्ण करून द्यायची. तिच्या शेजारी बसायला मिळालं की दिवस चांगला जायचा. तिच्या वाढदिवसाला भेट द्यायची म्हणून बाबांच्या शर्टाच्या खिशातून मी न विचारता दहा रुपये काढले होते. मागितले असते तर त्यांनी दिले असते. पण कशाला हवेत, हे सांगावं लागलं असतं.

आमच्यातल्याच एकीनं चाचणीत तिला पेपर दाखवला नाही. दुसऱ्या दिवसापासून अबोला. नियम असा की जी हिच्याशी बोलेल तिच्याशीही कट्टी. सगळी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. पहिलं वाक्य एकीला बाहेर काढतं, दुसरं उरलेल्या चौघींना बांधून ठेवतं. आम्हाला तिचा राग कधीच नव्हता. तिच्यासारखी आपल्यावर पाळी येईल, एवढीच धास्ती होती. माझ्या गावाला जाणारी एसटी सव्वापाचची, स्टँडवर पाऊण तास थांबायला लागायचं आणि त्या ग्रुपमधल्या दोघी माझ्या सोबतीला असायच्या. तो पाऊण तास एकटीनं काढायच्या कल्पनेनंच माझ्या पोटात गोळा यायचा.

ती पाण्याच्या टाकीमागे डबा खायला लागली. झाकण पुरतं उघडायची नाही. डाव्या हातानं अर्धं उचलून धरायची आणि आतल्या आत भाकरी मोडायची. आम्ही लिंबाखाली बसायचो, तिथून तिची फक्त पाठ आणि तो उचललेला कोपर दिसायचा. तो कोपर मी रोज पाहिलाय.

मग हस्त नक्षत्र लागलं आणि शाळेत हादगा बसला. आमच्याकडे सांगली-सातारा भागात भोंडल्याला हादगा म्हणतात. समोरासमोर हत्तींचं चित्र भिंतीवर टांगलेलं, त्याला फळांच्या माळा, पुढे मुलींचा फेर. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाणी वाढत जायची. शेवटी डबे हलवून आवाजावरून खिरापत ओळखायची. त्या दिवशी खिरापत तिच्या घरची होती. तिच्या आईनं डब्याला वरून फडकं बांधून दिलं होतं.

फेर धरला. ती धावत आली आणि माझ्या नि माझ्या शेजारणीच्या मध्ये शिरली. तिनं माझा हात धरला. तळवा घामानं ओला होता. शेजारणीनं तिचा हात सोडला. मग समोरून 'ती', आमच्यातलं सगळं ठरवणारी, माझ्याकडे नुसती बघत राहिली, काही बोलली नाही. आणि मीही सोडला.

गाणं सुरू झालं होतं. फेर सरकला. तिचे दोन्ही हात तसेच, बाजूला थोडे उचललेले, आणि आम्ही दोघींनी तिच्या पाठीमागून एकमेकींचे हात धरून फेर पुरा केला. ती आत राहिली. बाहेर नाही, आत, हत्तींच्या चित्रासमोर एकटी, आणि आम्ही सगळ्या तिच्याभोवती फिरत होतो. एक गाणं पुरं होईपर्यंत तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही.

खिरापत कुणी ओळखली नाही. सगळ्या गप्प बसल्या. करंज्या होत्या.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. शिक्षक-खोलीच्या दारात उभं राहून म्हणाले, "बाई, आमच्या पोरीला वर्गानं वाळीत टाकलंय." हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, मुलींची भांडणं आहेत हो, आज कट्टी उद्या बट्टी, आपोआप मिटेल. दहावीला तिनं तुकडी बदलून घेतली. मिटलं ते असं.

बुधवार

काल लिहून झाल्यावर झोप लागली नाही. मी एकोणीस वर्षं शिकवतेय. 'आपोआप मिटेल' हे वाक्य मी स्वतः किती पालकांना ऐकवलं असेल?

वाळीत टाकणं हा आपल्या राज्यात आज गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळानं २०१६ साली मंजूर केला आणि जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. जातपंचायतींनी कुटुंबंच्या कुटुंबं तोडली, पाणी बंद केलं, लग्नाला कुणी येऊ दिलं नाही, त्यातून तो कायदा आला आणि तो लढून मिळवावा लागला. चौदा वर्षांच्या पोरींना त्या कलमांत बसवावं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण नियम तोच आहे: हिच्याशी जो संबंध ठेवील त्यालाही तीच शिक्षा. पंचायतीचा हा नियम आम्हाला कुणी शिकवला नव्हता. तो आम्हाला येत होता. मग वर्गात तो दिसला की आम्ही शिक्षक त्याला भांडण का म्हणतो? भांडण दोन बाजूंचं असतं. टाकीमागे बसलेलीची बाजू कोणती होती?

गुरुवार, रात्री

आज लेकीला हादग्याची सगळी गोष्ट सांगितली. हात सोडल्याचं सांगताना आवाज नीट राहिला नाही. ती ऐकत होती, नखानं उशीच्या अभ्र्याचा धागा ओढत.

मग मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं रेघा काढल्या. डावीकडे एक, उजवीकडे लहान-मोठ्या तीन. डावीकडच्या एवढी यातली कुठली? तिनं लगेच बोट ठेवलं. बी.एड.ला असताना हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५१ च्या सुमारास हेच केलं. खोलीत बसलेले बाकी सगळे आधीच ठरवून आलेले, खरा परीक्षार्थी एकच. अठरा वेळा रेघा दाखवायच्या, त्यातल्या बारा वेळा बाकीच्यांनी मिळून धडधडीत चूक उत्तर द्यायचं. समोर रेघ दिसत असूनही चारातल्या तिघांनी कधी ना कधी इतरांची चूक स्वतःची म्हणून सांगितली.

"पण त्यांना काही शिक्षा होती का?"

नव्हती. कट्टी नाही, एसटी स्टँड नाही, ओळखही नाही. तरीसुद्धा.

"सगळ्या मुली होत्या?"

सगळे कॉलेजातले मुलगे होते, म्हटलं. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण लेकीच्या तोंडी मी अलीकडे 'मुली असतातच अशा' असं ऐकते. हे कुठून आलं ते मला माहीत आहे. लग्नघरात, स्टाफरूममध्ये, टीव्हीवर, सगळीकडे हेच: बाईच बाईची वैरीण. मला याची चीड येते. असं म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. २००८ साली १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा कुणाला एकटं पाडणं, पाठीमागे बोलणं, अशा छुप्या छळात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक नगण्य निघाला. आम्ही त्या वेळी मुली होतो म्हणून तशा वागलो नाही. आम्ही घाबरलो होतो.

तिनं रेघांकडे बघत विचारलं, "आणि एकानं जरी खरं उत्तर दिलं असतं तर?"

तेही ॲशनं करून पाहिलं होतं. खरं बोलणारा एक जोडीदार मिळाला की त्या माणसाच्या चुका पाव हिश्श्यावर आल्या.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू नंतर तरी बोललीस का तिच्याशी?"

नाही, म्हटलं. दहावीत नाही, पुढेही नाही. आज ती कुठे असते, मला माहीत नाही.

शनिवार

काल प्रयोगशाळेत लेक त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली. एवढंच. आज अर्धा डबा परत आला आणि संध्याकाळी फुलपाखराच्या ग्रुपमधून हिला काढून टाकलं. आता तिथे बारा जणी.

पलंगावर पालथी पडून ती रडली. मी पाठीवरून हात फिरवत होते आणि माझ्या ओठांवर काय आलं होतं ते लिहूनच ठेवते: जाऊ दे बाळा, तू उद्या त्यांना सॉरी म्हण, वर्षभराचा प्रश्न आहे. हे शब्द अगदी तोंडाशी आले होते. दुसऱ्याची मुलगी टाकीमागे बसते तेव्हा मला तत्त्वं आठवतात, माझी बसली की मला फक्त तिला लिंबाखाली परत न्यावंसं वाटतं. शेवटी मी काहीच बोलले नाही. गरम वरणभात कालवून आणला, चार घास खाल्ले तिनं.

मग फोन घेतला. वर्गातल्या मुलींच्या आयांचा आमचाही एक ग्रुप आहे. सहलीचे पैसे, शिकवणीच्या वेळा, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं त्यावर ठरतं. तीनशे रुपयांच्या वाढदिवसाचे फोटोही तिथेच आले होते आणि मीही खाली हृदय टाकलं होतं. वर्गशिक्षिकांना भेटायचं तर त्या मुलीच्या आईला सोबत घ्यावं, म्हणून तिचा नंबर शोधायला लागले. सगळी नावं वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली.

तेरा.

तिला कुणी काढलेलं नाही. दोन वर्षांत कुणी घेतलंच नाही, आणि नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही. ती ब्लाउज शिवते, पालकसभेला मागच्या बाकावर बसते. आमचं बोलणं कधी झालेलं नाही.

नंबर लेकीकडे होता. नऊ वाजून गेले होते, उद्या करावा असं वाटलं, तरी लावला. चौथ्या रिंगला उचलला. मागे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. मी म्हटलं, ताई, मी नववी ब मधल्या अमुक मुलीची आई बोलतेय.

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग घाबऱ्या आवाजात ती म्हणाली,

"काही केलं का हो माझ्या पोरीनं?"