लंडनच्या शाळेत पहिलं वर्ष: दार सोडू नका

महाराष्ट्रातून लंडनच्या शाळेत शिकवायला येणाऱ्यांची विषयाची तयारी बहुधा पक्की असते. फसतात ती पहिली पाच मिनिटं. आपल्याकडे मुलं वर्गात बसून असतात आणि शिक्षक बदलतात. इथल्या माध्यमिक शाळेत उलटं. घंटा झाली की तीसेक मुलं तुमच्या खोलीवर येऊन धडकतात आणि मागच्या तासाचं भांडणही दप्तराबरोबर आत येतं.

म्हणून उंबऱ्यावर उभं राहायचं, एक डोळा कॉरिडॉरवर, एक वर्गावर. फळ्यावर मागच्या धड्यातले तीन-चार प्रश्न आधीच लिहिलेले हवेत; याला इथे ‘डू नाऊ’ म्हणतात. ते काहीही न विचारता सोडवता आले पाहिजेत. प्रश्न अवघड निघाला की हात वर होतात, तुम्ही एका वहीपाशी अडकता आणि तेवढ्यात मागची बाकं सुटतात. कोण कुठे बसणार हे तुम्ही ठरवायचं आणि तो नकाशा छापून हाताशी ठेवायचा. ‘ए, मागचा’ यापेक्षा नावानं मारलेली हाक लवकर पोचते.

आधी इशारा, मग डिटेन्शन (शिक्षा म्हणून सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणं), ही शिडी शाळेनंच आखलेली असते. पायरी गाळू नका, आणि दिलेलं डिटेन्शन त्याच दिवशी सिस्टिमवर नोंदवा. आवाज चढवण्यात अर्थ नाही; मुलांना तो तमाशा आवडतो.

ईस्ट लंडनच्या टॉवर हॅम्लेट्ससारख्या भागात अनेक घरांत बंगाली बोलतात. पालकांशी बोलताना मुलालाच दुभाषी करू नका. तक्रारीचं कौतुक कधी झालं, तुम्हाला कळणारही नाही! पहिल्या पंधरवड्यात एखादा फोन चांगली बातमी सांगायला करा. पुढचा तक्रारीचा फोन मग नीट ऐकला जातो.

‘मिस, कुणाला सांगू नका हं,’ असं मूल म्हणालं तर तसा शब्द द्यायचा नाही. खोदून विचारायचं नाही. त्याचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून लगेच सेफगार्डिंग लीडकडे, म्हणजे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे, द्यायचं.

इंडक्शनवर, म्हणजे नव्या शिक्षकांच्या सुरुवातीच्या उमेदवारीच्या काळात, असाल तर पहिल्या वर्षी शिकवण्याचे १० टक्के तास कमी मिळतात, तेही तयारीसाठी सगळ्यांनाच मिळणाऱ्या किमान १० टक्क्यांखेरीज. सप्टेंबर २०२१ पासून इंडक्शन दोन वर्षांचं आहे. दुसऱ्या वर्षी ही सूट ५ टक्के. टाइमटेबल हातात पडताच हे तास मोजून घ्या. नोव्हेंबरात मागायला गेलात तर टाइमटेबल हलवायला कुणी तयार नसतं.