हे गिऱ्हाइकाचं काम

फिलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पातळ पत्ती रिव्हॉल्व्हरची नळी आणि गोळ्यांचा फिरता सिलिंडर यांच्या मधे सरकवत बंदुका दुरुस्त करणारे चाचा म्हणाले, "साहेब, हे खरं तर गिऱ्हाइकानं घरी करायचं काम आहे."

फोर्टातलं दुकान. मामांची जुनी डॅन वेसन रिव्हॉल्व्हर (लायसन्स आहे, घाबरू नका), नळी बदलता येणारी. नळी हातानं फिरवत गेजपर्यंत आणायची, वर आवरण चढवायचं, तोंडाशी नट आवळायचा. नळी दोन्ही टोकांना ताणून धरली जाते, म्हणून नेम चांगला. फट साधारण ०.००६ इंच. कमी राहिली तर काजळी धरून सिलिंडर अडतो, जास्त झाली तर वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

चाचांचं वाक्य मात्र लोकलमध्येही डोक्यात घोळत राहिलं. १९६८ साली सुरू झालेली डॅन वेसन ही अमेरिकन कंपनी पाना आणि गेज बंदुकीसोबतच द्यायची. इतक्या जोखमीच्या वस्तूच्या बाबतीत गिऱ्हाइकाच्या हातावर एवढा भरवसा!

आणि माझ्या मोबाइलची बॅटरी? ती उघडायला स्क्रूसुद्धा दिसत नाही. तुमच्या घरात अशी कुठली वस्तू उरलीय, जिच्यासोबत पाना आला होता?