नोंद सहावी : सहा खुर्च्या, एक कपाट आणि 'वर घेऊन जा' म्हटलेलं टेबल

मागच्या वेळी घडीच्या लोखंडी खुर्च्यांचा गंज काढून झाला होता. या खेपेला सँडपेपर हातात धरायच्या आधीच तीन रविवार गेले, ते नुसत्या जुन्या फर्निचरचा भाव ठरवण्यात.

सांगलीच्या विश्रामबागेत एक करसल्लागार काका ऑफिस बंद करतायत. माल असा : सहा फिरत्या खुर्च्या, एक साडेसहा फुटी लोखंडी कपाट, चार जणांचं वर्कस्टेशन आणि कोपऱ्यात फायलींखाली दबलेलं एक लाकडी टेबल. काकांनी सगळ्याचे मिळून ४५,००० सांगितले. आदल्या दिवशी भंगारवाला ७,००० म्हणून गेला होता. काका त्याच्यावर इतके चिडले होते की माझ्यासमोर चहा ठेवतानाही त्यालाच बोलत होते.

४५ हजार आले कुठून? काकांनी चोपडी काढली. खुर्च्या २०१५ च्या, प्रत्येकी ८,००० च्या. आयकराच्या हिशेबात फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे वहीतली किंमत तेवढी कमी धरायची, तीही उरलेल्या रकमेवर. दहा वर्षं तसं करत गेलं की खुर्चीला साधारण २,७९० उरतात. कपाटाचे ९,००० आणि वर्कस्टेशनचे १९,००० काकांनी अंदाजाने लावले होते.

मी म्हटलं, "काका, हीच खुर्ची एखाद्या कंपनीत असती तर? कंपनी कायद्यात फर्निचरचं आयुष्य दहा वर्षं धरतात आणि शेवटी मूळ किमतीच्या फार तर पाच टक्के उरवतात. म्हणजे चारशे."

काका हसले. "ते खरं. पण मी कंपनी नाही."

खुर्ची तीच, बसणारा तोच, आणि एका वहीत २,७९० तर दुसरीत ४००. घसारा कर आणि जमाखर्च मोजण्यासाठी असतो. खुर्चीचा स्पंज किती बसलाय हे त्याला ठाऊक नसतं.

माझी रीत सोपी आहे. जुनं बिल बाजूला ठेवायचं आणि तशीच वस्तू आज नवी घेतली तर कितीला पडेल ते दुकानात जाऊन विचारायचं. खुर्चीचे ७,५०० सांगितले, करासकट. (घेणाऱ्याकडे जीएसटी नंबर असेल आणि त्याला १८ टक्के परत मिळणार असतील, तर तो मनात ६,३५६ च धरतो. अशा गिऱ्हाइकाला जुनं विकताना हे विसरू नका.) दहा वर्षं वापरलेल्या पण सांगाडा धड असलेल्या खुर्चीला मी नव्याच्या एक तृतीयांश धरतो, म्हणजे २,५००. त्यातून चाकांचे २५० वजा, कारण सहाही खुर्च्यांच्या चाकांत केस आणि दोरे गुंडाळलेले होते. सहांचे झाले १३,५००.

आता हायड्रॉलिक, म्हणजे खुर्ची वर-खाली करणारं वायूचं सिलिंडर. खुर्ची वर उचलून नुसतं बसून उठलात तर काही कळत नाही. पूर्ण उंचीवर नेऊन दहा मिनिटं बसा, गप्पा मारा, मग उंची पुन्हा बघा. दोन खुर्च्या माझ्यासकट हळूहळू खाली आल्या. नव्या सिलिंडरचे प्रत्येकी ६५०, म्हणजे आणखी १,३०० वजा. उरले १२,२००.

कपाटाची गोष्ट वेगळी. लोखंडी कपाटाला वय विचारायचं नसतं. गोदरेजची कपाटं १९२३ पासून निघतायत आणि आजीच्या लग्नातलं कपाट अजून वापरात असलेली घरं सांगलीत पुष्कळ सापडतील. कपाटाला तळ विचारायचा. मी जमिनीवर आडवा झालो, मोबाईलचा उजेड मारला आणि तळच्या पट्टीच्या घडीत स्क्रूड्रायव्हर फिरवला. करडा, पिठासारखा बारीक गाळ पडला. विश्रामबागेत, पहिल्या मजल्यावर, नदीचा गाळ!

"काका, हे आधी कुठं होतं?"

"मारुती चौकात. तळमजल्याला."

पुढचं विचारायची गरज नव्हती. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ च्या वर जाऊन मारुती चौकात शिरलं होतं. काकांनी काही लपवलं नव्हतं. कपाट पुसलं, रंग मारला आणि ते विसरून गेले. पण घडीत अडकलेला गाळ ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. सांगलीत जुनं फर्निचर घेणाऱ्याने पहिल्यांदा खालची सहा इंच बघावीत, मग वरचं पॉलिश.

पूर न बघितलेलं असं कपाट इथं साधारण ९,००० ला जाताना मी पाहिलंय. तळ कापून नवा पत्रा वेल्डिंगला १,५००, रंग २,२००, कुलूप ६००. राहिले ४,७००. दोन हमाल लागतात, म्हणून मी ४,२०० म्हटलं. खालची मर्यादाही काढून ठेवली होती. दाराच्या कडेला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर पत्रा ०.८ मिमी, म्हणजे चौरस मीटरला सव्वासहा किलो. बाजू, पाठ, दारं, फळ्या मिळून आठ-सव्वाआठ चौरस मीटर, म्हणजे पन्नासेक किलो, घड्या आणि बिजागऱ्या धरून साठ. किलोला २८ च्या भावाने भंगारातच १,७०० च्या आसपास होतात. त्याच्या खाली कुणी मागितलं तर तो तुमच्या कपाटातच नफा ठेवून चाललाय.

वर्कस्टेशन भुशाच्या बोर्डाचं होतं, ते मी नको म्हटलं. अशा बोर्डात एकदा काढलेला स्क्रू दुसऱ्यांदा धरत नाही.

राहिलं टेबल. काका म्हणाले, "ते वडिलांचं. वहीत नाहीच ते. खुर्च्यांच्या भावाला हो म्हणालात तर तेही वर घेऊन जा, फुकट."

फायली उचलल्या. वरची फळी पाच फूट बाय अडीच, इंचभर जाड. कडेला रेषा तुटत नव्हत्या, वरून खाली तशाच उतरत होत्या. म्हणजे चिकटवलेला पापुद्रा नव्हे, अख्खं लाकूड. खालून नखभर खरवडलं तर तो तेलकट, कातड्यासारखा वास. साग. नुसती वरची फळीच एक घनफूट, पाय, चौकट आणि खण धरून सव्वादोनच्या आसपास. वखारीत जुन्या सागाचे घनफुटाला २,५०० सांगितले होते. म्हणजे घडाई सोडून नुसत्या लाकडाचे साडेपाच हजार.

खरं सांगतो, मिनिटभर गप्प बसलो. छोटा हत्ती टेम्पो खाली उभा होता. मग आठवलं की मघाशी गाळ दाखवून मीच यांच्या कपाटाचे जवळजवळ पाच हजार कापले होते. दोष तेवढे दाखवायचे आणि गुण खिशात घालायचे, हे जमेना. सांगून टाकलं.

काका टेबलाजवळ गेले. खण ओढला, परत लावला. "मग हे घरीच नेतो," म्हणाले. वर हेही म्हणाले, "खाली जाताना त्याच हमालांना माझ्या रिक्षात टाकायला सांगा."

सौदा १६,२०० ला झाला : खुर्च्यांचे १२,०००, कपाटाचे ४,२००. टेम्पोचे ९०० माझे. सागाचं टेबल हातचं गेल्याचं घरी अजून ऐकवलं जातंय.

सध्याची स्थिती : चाकं बदलून झाली. एका खुर्चीचं सिलिंडर निघालं. दुसरीचं खुर्चीच्या पायात असं घट्ट बसलंय की पाइप पान्याला दाद देत नाही. नवीन लोकांनो, त्याला तापवू नका आणि भोकही पाडू नका, आत दाबाखाली वायू असतो. उलटं करून पायाला खालून लाकडी ठोकळ्यावर हातोडी मारतोय. काल अर्धा सेंटिमीटर सरकलं.