भांडी बाजारात लागलेली मुंबई ‘ब’

नाशिकला रामकुंड, काळाराम, पांडवलेणी आणि त्र्यंबक सगळं झालं. त्र्यंबकची गर्दी मला सोसवली नाही, पुन्हा सुट्टीच्या दिवशी जाणार नाही. पण लिहायला बसले आहे ती भांडी बाजाराजवळच्या बोळातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामुळे.

दुकान म्हणजे ओट्यावर एक फळी आणि मागे भिंतभर जुने सेट. काका सत्तरीच्या पुढचे. ट्रान्झिस्टरची पाठ उघडून डायलचा दोरा पुलीवर चढवत होते. मी बघत उभी राहिले, तर त्यांनी स्टूल पुढे केलं. “बसा ताई, चहा सांगतो. दिवेलागण झाली, आता मुंबई नीट लागेल.”

नाशिकचं आकाशवाणी केंद्र एफएमवर आहे, १०१.४ ला. ते येण्याआधी हे शहर मध्यम लहरींवर, म्हणजे एएमवर, दुसऱ्यांची केंद्रं ऐकायचं: मुंबई ‘ब’ ही मुंबई आकाशवाणीची मराठी वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, पुणे ७९२ वर. काकांच्या घरी सकाळ पुण्याची असायची. सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांत सुधा नरवणे यांचा आवाज आला की शाळेचं दप्तर भरायचं. संध्याकाळ मुंबईची. त्यात ‘प्रपंच’ ही कौटुंबिक श्रुतिका लागली की आई पोळ्या थांबवून बाहेर यायची. दोन्ही केंद्रं दीडशे-दोनशे किलोमीटर लांब, पण बोलताना काका ‘आमचं मुंबई स्टेशन’ म्हणत होते.

पत्र्याच्या डब्यातून त्यांनी वडिलांचं परवान्याचं पुस्तक काढून दाखवलं. रेडिओ ऐकायलाही तेव्हा सरकारी परवाना लागे, पैसे पोस्टात भरायचे. आत तिकिटं चिकटवलेली, प्रत्येकावर गोल शिक्का. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू केलं ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीने, दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकावर. श्रोते थोडे, परवान्याच्या पैशांतून मिळणाऱ्या वाट्यावर खर्च भागेना. १९३० मध्ये कंपनी बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ चं. हे सगळं मी पूर्वी वाचलं होतं, पण शिक्क्यांवरून बोट फिरवताना कळलं की कुणीतरी दरवर्षी रांगेत उभं राहून हा आवाज विकत घेत होतं.

दोरा बसला. काकांनी सेल घातले, काटा ५५८ च्या आसपास आणला. नुसती घरघर. मग त्यांनी अख्खा सेट हळूहळू फिरवला. आत फेराइटची कांडी असते, तिच्यावर तारेचं वेटोळं; हाच सेटचा अँटेना. कांडीचं टोक केंद्राकडे असलं तर आवाज पडतो, कांडी आडवी आली की चढतो. नाशिकहून मुंबई नैर्ऋत्येला, तेवढा अंदाज त्यांच्या हाताला होता. तरी घरघर जाईना. समोरच्या दुकानात एलईडीची माळ लागली होती. काकांनी हाक मारली, “बाळा, दोन मिनिटं माळ बंद कर रे!”

माळ विझली आणि निवेदिकेचा आवाज स्वच्छ मराठीत बोळभर आला. मागोमाग अभंग. समोरचा पोरगा दुकान सोडून ऐकायला आला. मला भरून आलं, आणि खरं सांगते, रागही आला. रस्त्यावरचे दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांची खरखर नेमकी याच पट्ट्यात घुसते आणि लोक समजतात की एएमच खराब. नागपूरहून १५६६ वर रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी काका दुकान आवरताना लावायचे. रात्री वातावरणाचा खालचा थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परत येतात, म्हणून हजार किलोवॅटचं ते केंद्र इथे खणखणीत लागे. ती सेवा बंद केली. बाकीचे एएम प्रक्षेपकही एकेक करून बंद होताहेत.

“ॲपवर सगळी स्टेशनं मिळतात की,” मी म्हटलं.

काकांनी ओट्याच्या भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. “ही २००८ च्या पुराची. गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, वीज गेली, मोबाइल बंद पडला. रेडिओ मात्र दोन सेलांवर चालू होता.”

दुरुस्त झालेला तो सेट मी विकत मागितला. गिऱ्हाइकाचा आहे म्हणाले, चांदोरीहून उद्या न्यायला येणार आहे. दुसरा एक बघून ठेवतो म्हणाले, पुढच्या महिन्यात या.